बिनकाट्यांचे रान : शिकारीचा खेळ आणि वास्तवाचा प्रश्न

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी राखावयाच्या एका रानाचे वर्णन येते. त्या रानाला दार एकच असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झाडे व झुडपे असावीत, झाडांना काटे नसावेत, तळी उथळ असावीत, हरणे माणसाळलेली असावीत आणि हिंस्र श्वापदांची नखे व दात काढलेले असावेत, असे त्यात सांगितले आहे. राज्यशास्त्राच्या ग्रंथात हे वर्णन दोन-चार शब्दांच्या समासांत उरकले जाते आणि अभ्यासकाची नजर पुढे सरकते. आम्हांला मात्र त्यापाशी थांबावेसे वाटते, कारण शिकार या गोष्टीचा खेळ करताना माणसाला काय काय करावे लागते, याची ही बहुधा सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक यादी आहे. रान हवे, पण काटे नकोत. श्वापद हवे, पण नखे नकोत. पाणी हवे, पण बुडण्याचे भय नको.

आज ज्यांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात असे शिकारीचे व्हिडिओ गेम पाहिले की या यादीची आठवण होते. साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळांकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की वास्तववाद हा शब्द आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात शंभर वर्षे वापरत आलो आहोत, आणि तोच शब्द आता या खेळांची जाहिरात करताना, त्यांची परीक्षणे लिहिताना अगदी सहज वापरला जातो. पाने खरी वाटतात, वारा खरा वाटतो, हरीण खरे वाटते; म्हणून खेळ वास्तव. पण 'खरे वाटणे' आणि 'वास्तवाशी भिडणे' या दोन गोष्टी एक आहेत काय? ज्या सातारा-सांगलीच्या मुलखात व्यंकटेश माडगूळकर आणि अण्णा भाऊ साठे जन्मले, ज्या मुलखात शिकारीचे खेळही झाले, माणसांची शिकारही झाली आणि शेवटी खरोखरचे वाघांचे रान राखले गेले, त्या मुलखाच्या इतिहासातून या प्रश्नाकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विनोद आणि व्यसन

शिकार हा खेळ आहे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी मराठीचे अध्यापक ज्याचा हवाला देतात, तोच हा ग्रंथ. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या वरली होती. बिल्हणाच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची नायिका ती हीच. म्हणजे आजचा सातारा जिल्हा या राजकुळाला परका नव्हता. मानसोल्लासाच्या पाच विंशतींपैकी एक विनोदांची आहे, आणि त्या विनोदांत संगीत, नृत्य, कथा, कोंबड्यांच्या झुंजी यांच्या बरोबरीने मृगयाही येते. शिकारीला उपजीविका किंवा युद्ध म्हणून नव्हे तर विनोद म्हणून जागा दिली, की तिला रीत लागते, प्रकार लागतात, कौशल्याची प्रतवारी लागते.

परंतु याच परंपरेत शिकारीविषयी अस्वस्थताही आहे. मनुस्मृतीत कामजन्य व्यसनांची जी यादी येते तिच्यात मृगया पहिली आणि लगेच पुढे द्यूत. अर्थशास्त्रात तर या दोघांची तुलनाच केली आहे. पिशुन नावाचा आचार्य म्हणतो, की शिकार अधिक वाईट, कारण रानात चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, तहान-भूक असे सारे धोके आहेत. कौटिल्य उलट म्हणतो, की द्यूतच वाईट. शिकारीत निदान व्यायाम होतो, चरबी झडते, स्थिर आणि हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांचे मन कळते. हा वाद लक्षपूर्वक वाचला तर त्यात आजच्या चर्चेचे बीज सापडते. पिशुनाला शिकारीत वास्तव दिसते आणि म्हणून ती धोक्याची वाटते. कौटिल्याला तिच्यात खेळ दिसतो आणि म्हणून ती हिताची वाटते. तोच कौटिल्य मग बिनकाट्यांच्या झाडांचे रान सांगतो, यात विसंगती नाही. धोका वजा करून कौशल्य शिल्लक ठेवणे ही खेळ रचणाऱ्याची जुनीच युक्ती होय.

'शाकुंतला'ची सुरुवातही शिकारीनेच होते, हे येथे आठवावे. हरणामागे धावणारा रथ आणि मध्ये आडवे येणारे तपस्वी. राजाचा खेळ ज्या रेषेवर थांबतो ती आश्रमाची सीमा आहे. पुढे दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीचे गुण गातो आणि विदूषक रानातल्या उन्हातान्हाची, कडू पाण्याची, दुखऱ्या सांध्यांची तक्रार करतो. शिकारीचे वास्तव नाटकात कोणाच्या तोंडी येते, तर ज्याला त्या खेळात रस नाही आणि तरीही फरफटत जावे लागते त्याच्या.

२. खुल्या जगाची रीत

आता खेळांकडे वळू. शिकारीचा संगणकीय खेळ जवळजवळ संगणकीय खेळाइतकाच जुना आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत तिघा तरुण शिक्षकांनी शाळेतल्या इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' नावाचा खेळ रचला. त्यात शिकार म्हणजे बंदुकीच्या आवाजाचा एक शब्द शक्य तितक्या लवकर टंकणे. चित्र नव्हते, रान नव्हते. त्याच खेळाच्या १९८५ च्या सचित्र आवृत्तीत कितीही जनावरे मारली तरी गाडीपर्यंत शंभर पौंडच मांस वाहून नेता येई. चित्रे ओबडधोबड होती, पण हा एक नियम मात्र विलक्षण वास्तव होता : मारणे सोपे, वाहणे कठीण. १९८४ मध्ये निन्टेन्डोचा 'डक हंट' आला, १९९७ मध्ये 'डिअर हंटर'. पुढे २००९ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेला 'द हंटर' आणि २०१७ मधील त्याचे 'कॉल ऑफ द वाइल्ड' हे रूप यांनी शिकारीला मैलोगणती पसरलेले रान दिले. खेळणाऱ्याने कोठेही जावे, कोणत्याही वाटेने जावे, वाटेल तितका वेळ घ्यावा. यालाच खुले जग म्हणतात.

अशा खेळाच्या रीतीचे, ज्याला इंग्रजीच्या वळणाने 'गेमप्ले' म्हणतात त्याचे, थोडे वर्णन करणे आवश्यक आहे. 'कॉल ऑफ द वाइल्ड'मध्ये वारा वाहतो आणि खेळणाऱ्याचा वास ज्या दिशेने जातो त्या दिशेचे जनावर बुजते. चालताना आवाज होतो; वाकून, सरपटत गेले तर कमी होतो. प्रत्येक जातीच्या जनावराच्या पाणी पिण्याच्या, चरण्याच्या, विसाव्याच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. त्या हेरून ठेवाव्या लागतात. माग काढावा लागतो. जनावर पडल्यावर गोळी कोणत्या अवयवातून गेली हे दाखवले जाते आणि त्यावर गुण ठरतात. जनावराच्या मानाने गोळी फार मोठी वापरली तर गुण कापले जातात. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्पशन २'मध्ये तर मारलेले जनावर घोड्यावर लादावे लागते आणि ते कुजतेही.

हे सारे पाहता वास्तववादाचा दावा पोकळ नाही, हे मान्य करावे लागते. मराठीत शिकारकथा म्हणून जे पुष्कळ लिहिले गेले त्यात वाऱ्याची दिशा क्वचितच येते. बहुधा येतो तो डरकाळीचा आणि बाराचा आवाज, आणि मध्ये लेखकाचे धैर्य. त्या मानाने खेळाने वाट पाहण्याला पुन्हा किंमत दिली आहे. वीस मिनिटे झुडपात बसून काहीही न होणे हा अनुभव, ज्याला करमणुकीच्या धंद्यात जागा असू नये, तो येथे खेळाचा गाभा आहे.

पण याच ठिकाणी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. रोलाँ बार्थने १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखवले, की वास्तववादी कादंबरीत ज्या तपशिलाला काहीच कामगिरी नसते तोच तपशील 'हे खरे आहे' असा भास उत्पन्न करतो. शिकारीच्या खेळात याच्या नेमके उलट घडते. तेथे तपशील वास्तव ठरतो तो त्याला कामगिरी असल्यामुळे. मोडलेली काडी, विष्ठेचा ताजेपणा, झाडाला घासलेल्या शिंगाची खूण, प्रत्येक गोष्ट सावजाकडे बोट दाखवते. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९७९ मध्ये अशी अटकळ मांडली होती, की कथा सांगण्याची कल्पनाच कदाचित शिकाऱ्यापासून निघाली असावी; कारण मूक खुणांवरून घडून गेलेल्या घटनांची संगती लावणारा तो पहिला. खेळ या अर्थाने शिकाऱ्याच्या कथनाची मूळ रीत फार शुद्ध रूपात जपतो. परंतु शुद्धता म्हणजे वजाबाकीही. ज्याला सावजाशी संबंध नाही असे त्या रानात काही उरतच नाही. आणि माणदेशाच्या लेखकाने नेमके तेच लिहून ठेवले आहे.

३. काटे असलेले रान

माणदेश म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व त्याच्या शेजारचा कमी पावसाचा पट्टा. १९४९ पर्यंत सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या मुलखाचे इंग्रजी अमलाखालचे भाग आणि औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ औंध संस्थानात होते.

संस्थानी शिकार हा या भागाच्या सामाजिक इतिहासातला एक खेळच होता, आणि त्याची सर्वांत नेमकी तऱ्हा शेजारच्या कोल्हापुरात दिसते. तेथे शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून कळपाच्या टप्प्यात न्यायचा, टोपी काढायची आणि सोडायचे. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणून हा खेळ चालू ठेवण्यात आला. १९५२ मध्ये आपल्याकडचा चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. रानातले जनावर संपले तरी खेळ संपू नये म्हणून बाहेरून जनावर आणायचे, ही रीत आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. संगणकातल्या रानातही मारलेल्या हरणाच्या जागी काही वेळाने दुसरे हरीण उभे राहते. खेळाला अभाव सोसत नाही.

माडगूळकरांच्या लेखनाचा विषयच मुळी अभाव आहे. 'माणदेशी माणसं' १९४९ ची, 'बनगरवाडी' १९५५ ची. बनगरवाडी शेवटी दुष्काळाने ओस पडते. कोणीही पुन्हा आपोआप उभे राहत नाही. माडगूळकर स्वतः शिकारीचा नाद असलेले लेखक होते आणि पुढे त्यांनी बंदूक ठेवून दुर्बीण व चित्रवही हाती घेतली, हे मराठी वाचकाला माहीत आहे. 'नागझिरा' आणि १९८२ ची 'सत्तांतर' ही त्या वाटेवरची पुस्तके. 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांच्यातील सत्तेची उलथापालथ आहे, आणि शिकारी नाही. शिकाऱ्याने अंगी बाणवलेली सर्व कौशल्ये लेखकाने वापरली आहेत : दबा धरणे, माग काढणे, वेळा हेरणे, एका जनावराला दुसऱ्यापासून ओळखणे. फक्त शेवटचा बार तेवढा नाही. त्यामुळे जे बदलले ते विलक्षण आहे. शिकारकथेत जनावराची गोष्ट बाराबरोबर संपते. बार नाही म्हटल्यावर ती गोष्ट पुढे चालू राहते, आणि जनावराला स्वतःचे आयुष्य मिळते. ओर्तेगा ई गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने शिकारीवरील आपल्या चिंतनात असे म्हटले होते, की खरा शिकारी मारण्यासाठी शिकार करीत नाही, शिकार झाली असे म्हणता यावे म्हणून मारतो. माडगूळकरांनी त्याला न सांगता उत्तर दिले, असे आम्ही म्हणू. लिहिणे हाही शिकार पुरी करण्याचा एक मार्ग असतो.

४. सीमा आणि तिचा भंग

जोहान हुइझिंगाने १९३८ च्या आपल्या ग्रंथात खेळाचे मुख्य लक्षण असे सांगितले, की खेळाला काळाची व जागेची आखलेली सीमा असते आणि तिच्या आत वेगळे नियम चालतात. सातारा-सांगलीच्या वाङ्मयात या सीमेचे सर्वांत प्रभावी चित्र शिकारकथेत नाही. ते अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त आहे. ही कादंबरी १९५९ ची, आणि तिचे गाव लेखकाचे स्वतःचे वाटेगाव, वाळवे तालुक्यातले. तिच्या आरंभी राणोजी शिगावहून जोगणी आणावयास जातो. जोगणी पळवणाऱ्याचा पाठलाग व्हायचा, सापडला तर मरायचे, पण त्याने आपल्या गावची हद्द गाठली की हात आखडायचा, असा हा रिवाज. जीव पणाला लावलेला असला तरी हा नियमबद्ध खेळच आहे. राणोजीला मारले जाते ते हद्द ओलांडल्यानंतर. संपूर्ण कादंबरी या नियमभंगातून उभी राहते. खेळाची रेषा पुसली गेली की जे उरते ते नुसते वास्तव, आणि तेथे माणूस सावज होतो.

माणूस सावज होणे ही या मुलखात केवळ उपमा नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्तारांनी जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या; ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. ज्यांच्या नावातच फासा आहे ते फासेपारधी या शिक्क्याखाली भरडले गेले. विचार करावा अशी गोष्ट आहे : संस्थानिकाने हौसेने केली ती शिकार हा विनोद, इंग्रज अंमलदाराने केली ती मर्दुमकी, आणि पोटासाठी तित्तर-ससे धरणाऱ्याची तीच विद्या मात्र गुन्हेगारीचे लक्षण. पुढे १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील भूमिगत कार्यकर्ते याच डोंगरकपारींत पोलिसांना चुकवीत होते. अण्णा भाऊंनी आपल्या एका बंडखोर नायकाला 'वारणेचा वाघ' म्हटले, त्यात हा सारा इतिहास साठलेला आहे. ज्याचा माग काढला जातो त्याच्या बाजूने लिहिलेली ही कादंबरी आहे.

आणि येथेच व्हिडिओ गेमची एक मर्यादा स्पष्ट होते. आपल्या गडांवर, लेण्यांत, देवळांच्या फरशीवर वाघ-बकरीचे पट कोरलेले आढळतात. वाघ-बकऱ्यांची संख्या ठिकाणपरत्वे बदलते, पण तत्त्व एकच : वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ, वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाची वाट अडवायची. वास्तववादाच्या दृष्टीने या खेळात काहीच नाही, खडे आणि रेघा. तरीही एक गोष्ट त्यात आहे जी कोट्यवधी रुपये खर्चून रचलेल्या रानात नाही. बकरीची बाजू घेता येते. एक डाव वाघाचा खेळला की पुढचा डाव बकरीचा खेळता येतो, आणि एकजुटीने वाघ कोंडता येतो. शिकारीच्या ज्या खेळांची चर्चा आपण करीत आहोत त्यांत सावज दिसायला हुबेहूब असते, पण त्याच्या जागी बसता येत नाही. दिसण्याचे वास्तव वाढत गेले. नात्याचे वास्तव होते तेथेच राहिले.

५. रिकामी घरे

भारतात शिकारीचा खेळ कायद्याने कसा संपला, हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एकदम बंद केली असा समज आहे. मूळ कायद्यात परवान्यांची तरतूद होती, आणि त्या परवान्यांची नावे 'स्मॉल गेम', 'बिग गेम', 'स्पेशल गेम' अशी होती. इंग्रजीत सावज आणि खेळ यांना एकच शब्द आहे, तो असा आपल्या कायद्यातही येऊन बसला. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले. मात्र कायद्याची शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणे, फासात अडकवणे, तसा प्रयत्न करणे हेही तीत येते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी या व्याख्येत सापडली. रानातून जिवंत नाग धरून आणायचे, पूजायचे, मिरवायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे, अशी ती प्रथा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने जिवंत नागांचे हे प्रदर्शन थांबले. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी मोजक्या लोकांना, अटी घालून, नाग पकडण्याची परवानगी दिली. भाविकाच्या भाषेत जी पूजा, ती कायद्याच्या भाषेत शिकार. आणि तिच्यातला 'सोडून देण्याचा' नियम गावाच्या दृष्टीने खेळाचाही होता आणि धर्माचाही. नागाच्या दृष्टीने काय होता, हे विचारण्याची सोय जुन्या रितीत नव्हती. कायद्याने ती प्रथमच केली.

राखीव रानांचा इतिहास याच काळातला. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटरांचे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर झाडे लागली, जनावरे बाहेरून आणून सोडली गेली, भोवती कुंपण आले, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. माणसाने रचलेले रान म्हणून कौटिल्याच्या रानाशी त्याचे साम्य आहे, पण हेतू नेमका उलटा. येथे नखे काढायची नाहीत, उलट हरपलेले परत आणायचे. पश्चिमेला चांदोली आणि कोयना. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ मात्र अनेक वर्षे दिसेना. २०१८ च्या मे महिन्यात कॅमेऱ्यात एक टिपला गेला तेव्हा ती बातमी झाली. २०२५ मध्ये ताडोबाहून वाघीण आणून येथे सोडण्यात आली. खेळातले रान काही क्षणांत भरते. खऱ्या रानाला एका वाघिणीसाठी पंधरा वर्षे लागतात.

परंतु या रानाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून त्याचे वास्तव पुरे होत नाही. कोयना आणि वारणा या दोन धरणांनी व त्यानंतर अभयारण्यांनी या खोऱ्यांतली गावेच्या गावे उठवली. माणसे सपाटीवर पाठवली गेली, जमिनीसाठी आणि पाण्यासाठी त्यांना पिढ्यान् पिढ्या भांडावे लागले. श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांचा इतिहास या भांडणाचा इतिहास आहे. जंगलाच्या गाभ्यात आज शांतता आहे ती अशी घडवलेली आहे. 'कॉल ऑफ द वाइल्ड'मधील जर्मनीच्या धर्तीवरचे रान पाहताना आम्हांला याची आठवण झाली. तेथे घरे आहेत, शेते आहेत, रस्ते आहेत. माणूस दिसत नाही. खेळ रचणाऱ्याला माणूस नको आहे, याचे कारण उघड आहे : माणूस असला की गोळी कोणाला लागेल याचा विचार करावा लागेल, हे शेत कोणाचे असे विचारावे लागेल, मेलेल्या जनावराचा वाटा कोणाला हे ठरवावे लागेल. २०२३ मध्ये याच खेळात नेपाळच्या धर्तीवरचे रान आले आणि त्यात वाघाची शिकारही आली. हिमालयाचा उजेड सुंदर उतरला आहे. पण जनावराला हाकून आणणारे हाकेवाले, गुरे राखणारे, लाकूडफाट्याला गेलेल्या बाया, वनखात्याचा शिपाई, यांच्यावाचून आपल्याकडच्या कोणत्याही शिकारीचे वर्णन खरे होऊ शकत नाही. काटे म्हणून जे काढले गेले, त्यांत माणसेही होती.

६. काय वगळले

वास्तववाद म्हणजे तपशिलांची बेरीज, अशी समजूत वर्गात शिकवताना नकळत रुजते. शिकारीच्या खेळांनी ती समजूत टोकाला नेऊन तिचा पोकळपणा दाखवून दिला, हे त्यांचे आपल्यावरील उपकारच म्हटले पाहिजेत. पानापानाची सावली, केसाकेसाचा हेलकावा यांची बेरीज कितीही केली तरी प्रश्न शिल्लक राहतो तो वजाबाकीचा. प्रत्येक कलाकृती काही वगळतेच. बनगरवाडीही वगळते, शाकुंतलही वगळते. कशाला जागा द्यायची याचा निर्णय ज्या नियमाने होतो तो नियम कोणाच्या बाजूचा आहे, हे तपासणे म्हणजे वास्तववादाची चिकित्सा. ओबडधोबड चित्रांचा 'ओरेगॉन ट्रेल' शंभर पौंडांचा नियम घालतो तेव्हा तो लालसेला वजन देतो. वाघ-बकरीचा पट बाजू बदलू देतो तेव्हा तो सावजाला बुद्धी देतो. मोठ्या गोळीचे गुण कापणारा आजचा खेळ निदान इतके शिकवतो, की जनावराच्या देहाची नासधूस करणे हा दोष आहे. हा नियम दिसण्याचा नाही, नीतीचा आहे, आणि म्हणून तोच त्या खेळातील सर्वांत वास्तव भाग आहे असे आमचे मत आहे.

यावरून पुढच्या खेळांकडून काय मागावे हेही सुचते. अधिक दाट रान किंवा अधिक चमकदार कातडी यांची गरज नाही. ज्या रानात शेताची धनीण विचारील की माझ्या बांधावर काय करता. ज्यात माग काढण्याची विद्या एका पारध्याकडून शिकावी लागेल आणि तिची किंमत मोजावी लागेल. ज्यात मारलेले जनावर परत उभे राहणार नाही. ज्यात न मारताही डाव पुरा होईल. असे रान रचणे तंत्राला अशक्य नाही. माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये ते कागदावर रचून दाखवले आहे, आणि अण्णा भाऊंनी ज्याचा पाठलाग होतो त्याच्या डोळ्यांनी. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याने हे खेळ खेळू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ते खेळावेत, झुडपात बसून वारा कोठून येतो ते पाहावे, आणि मग एकदा मान वर करून त्या रानातली घरे रिकामी का आहेत, असे विचारावे. तो प्रश्न विचारता यावा एवढ्यासाठीच आपण कथा-कादंबऱ्या शिकवतो.